यंत्राची साक्ष आणि आपली नोंदवही

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





आजच्या विषयाचे नाव ऐकून काही पालकांना वाटेल की हा तर कारागिरांचा विषय, यात आपले काय काम? म्हणून आरंभीच सांगतो. आपल्या मुलामुलींचे प्रवेशाचे अर्ज, हजेरीपट, गुणपत्रके, शिष्यवृत्तीची प्रकरणे आणि शाळा सोडल्याचे दाखले आज बहुतेक संस्थांत एका संगणकात साठवलेले असतात. कार्यालयातील इतर सर्व संगणक ज्याच्याकडे माहिती मागतात, त्या मुख्य संगणकाला सर्व्हर म्हणतात. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी हा सर्व्हर बंद पडला, तर एखाद्या गरीब मुलीचे वर्ष वाया जाऊ शकते. तेव्हा तो का बंद पडतो आणि त्याचा शोध कसा घ्यावा, हे जाणून घेणे हा आपल्या सर्वांचा विषय आहे.

सर्व्हरवर पुष्कळदा युनिक्स घराण्यातील कार्यप्रणाली चालते. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. १९९१ साली हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने, लिनस टॉरव्हाल्ड्सने, त्याच धर्तीवर लिनक्सचे बीज लावले. त्याच वर्षी आपल्या पुण्यात सी-डॅक संस्थेने परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला. जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांची जी यादी निघते, त्यातील प्रत्येक यंत्र तर नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालते. लिनक्स आणि त्याची चुलत भावंडे, जसे फ्रीबीएसडी, विनामूल्य मिळतात. आपल्यासारख्या संस्थांना त्यांचा आधार वाटतो तो याचसाठी.

परंतु कार्यप्रणाली कितीही भक्कम असली, तरी ती पत्रा, तांबे आणि सिलिकॉन यांच्या यंत्रावरच चालते. यंत्र तापले, वीज कमी-जास्त झाली, स्मृतीची पट्टी सैल झाली, की उत्तम प्रणालीसुद्धा कोलमडते. मग लोक म्हणतात, "लिनक्स बिघडले" किंवा "व्हायरस शिरला". दोष एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला, असा हा प्रकार होतो.

मिरकरवाड्याच्या बंदरातील तांडेलाला विचारा. इंजिनाच्या उष्णतेचा काटा अचानक वर गेला, तर तो आधी इंजिनावर हात धरून पाहील, पाण्याचा पंप चालू आहे की नाही ते बघेल आणि काट्याची तार गंजली आहे का तेही तपासेल. काटा वर गेला म्हणून इंजिन तापलेच असे नाही, आणि काटा खाली आहे म्हणून सर्व ठीक आहे असेही नाही. सर्व्हरच्या बाबतीत नेमकी हीच गोष्ट मला सांगायची आहे.

सर्व्हरच्या आत अनेक काटे असतात. प्रोसेसरच्या पोटात उष्णता मोजणारा भाग असतो. मुख्य पट्टीवर, म्हणजे मदरबोर्डवर, एक छोटी चिप पंख्यांचे फेरे, विजेचे दाब आणि आतील हवेची उष्णता मोजत असते. पंखा सामान्यतः प्रत्येक फेऱ्याला दोन ठोके पाठवतो, ते मोजून चिप वेग काढते. चिपमधील आकडा एका बारीक तारमार्गाने निघतो, प्रणालीच्या गाभ्यातील ड्रायव्हर तो वाचतो, लिनक्समध्ये तो 'एचडब्ल्यूमॉन' नावाच्या कप्प्यात एका फाईलच्या रूपाने ठेवला जातो आणि 'सेन्सर्स' ही आज्ञा दिली की आपल्या पडद्यावर उमटतो. त्या फाईलमध्ये ४५००० असे दिसले तर घाबरू नका. तेथे अंशाचा हजारावा भाग हे माप असते, म्हणजे उष्णता ४५ अंश सेल्सिअस. फ्रीबीएसडीमध्ये इंटेलच्या प्रोसेसरसाठी 'कोअरटेम्प' आणि एएमडीसाठी 'एएमडीटेम्प' हा भाग गाभ्यात चढवला की 'सिस्सीटीएल' या आज्ञेने तोच आकडा मिळतो.

एक आकडा आपल्या डोळ्यांपर्यंत येताना किती हातांतून जातो ते पाहा. या ठिकाणी मला आपल्या परंपरेतील एका शिस्तीची आठवण होते. हदीसचे संकलन करणाऱ्या विद्वानांनी, ज्यांत नवव्या शतकातील इमाम बुखारींचे नाव अग्रभागी आहे, केवळ ऐकीव वचन स्वीकारले नाही. ते कोणी कोणाकडून ऐकले, ही सारी साखळी त्यांनी तपासली. प्रत्येक रावी सचोटीचा आहे का, त्याची स्मरणशक्ती चांगली आहे का, ज्याचे नाव तो घेतो त्याला तो खरोखर भेटला होता का, असे प्रश्न विचारले. तो विषय अत्यंत उच्च आणि आपला अगदी साधा. तुलना फक्त पद्धतीची आहे. साक्ष मानण्यापूर्वी साक्षीदारांची साखळी तपासावी, हा धडा यंत्रासमोर बसणाऱ्यालाही तितकाच लागू पडतो.

आता ही साखळी कोठे तुटते त्याची उदाहरणे देतो. पडद्यावर एखाद्या ठिकाणची उष्णता १२७ अंश किंवा उणे १२८ अंश दिसली, तर बहुतेक वेळा त्या जागी मोजणारा भाग जोडलेलाच नसतो आणि चिप रिकाम्या जागेचा आकडा सांगत असते. इंटेलचे प्रोसेसर प्रत्यक्ष उष्णता न सांगता कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत एवढेच सांगतात. ती मर्यादा ड्रायव्हरने चुकीची धरली, तर आकडा दहा-पंधरा अंशांनी चुकू शकतो. एएमडीच्या २०१७ सालच्या रायझेन १७००एक्स आणि १८००एक्स या प्रोसेसरांत पंख्यांच्या नियंत्रणासाठी मुद्दामच २० अंश वाढवून आकडा दिला जात असे. ज्याला हे ठाऊक नव्हते तो उगाच नवा पंखा विकत घेऊन बसला. विजेच्या दाबाचे तर विचारूच नका. बारा व्होल्ट चिपला थेट मोजता येत नाहीत, म्हणून ते विभागून तिच्यापुढे येतात आणि पुन्हा गुणून आपल्याला दाखवले जातात. गुणक चुकला की चांगला वीजपुरवठाही आजारी दिसतो.

मग खरे-खोटे ओळखायचे कसे? तीन सोप्या कसोट्या आहेत. पहिली, रात्रभर बंद राहिलेले यंत्र सकाळी सुरू करून लगेच आकडे पाहा. खोलीत ३० अंश असताना एखादा काटा १५ दाखवत असेल, तर तो खोटे बोलतो, कारण पंख्याच्या वाऱ्याने यंत्र खोलीपेक्षा थंड होत नाही. दुसरी, यंत्राला काम लावा. काम वाढूनही जो काटा जागचा हलत नाही, तो कशालाच जोडलेला नाही. तिसरी, दुसरा साक्षीदार आणा. बायोसच्या पडद्यावरील आकडा पाहा, साधा तापमापक लावा, विजेसाठी मल्टिमीटर धरा. मोठ्या सर्व्हरमध्ये देखरेखीसाठी एक स्वतंत्र छोटा संगणकच बसवलेला असतो. 'आयपीएमआयटूल' या आज्ञेने त्याची नोंदवही वाचता येते आणि मुख्य प्रणाली कोसळली तरी ती नोंद शिल्लक राहते.

येथे एक इशारा देतो. आकडे दिसत नाहीत म्हणून काही उत्साही मुले 'सेन्सर्स-डिटेक्ट' हा शोधकार्यक्रम चालवतात आणि प्रत्येक प्रश्नाला डोळे मिटून "होय" म्हणतात. हा कार्यक्रम तारमार्गावरील अनोळखी दारे ठोठावतो. काही जुन्या थिंकपॅड संगणकांत अशा ठोठावण्याने आतील कायमची माहितीच बिघडली होती. तसेच, बायोस ज्या चिपशी बोलत आहे तिच्याशी लिनक्सने बोलू नये म्हणून गाभा कधीकधी ड्रायव्हरला अडवतो. ती अडवणूक जबरदस्तीने मोडण्याची सोय आहे, परंतु दोघांनी एकाच वेळी एकाच चिपशी बोलले की आकडे एकमेकांत मिसळू शकतात. घरच्या जुन्या संगणकावर खुशाल प्रयोग करा, संस्थेच्या चालू सर्व्हरवर नको.

आकड्यांनंतर आता बंद पडण्याच्या तऱ्हा पाहू. यंत्र एकदम विझले, तर संशय वीजपुरवठ्यावर किंवा अतिउष्णतेवर घ्यावा. प्रोसेसर तापला की प्रथम स्वतःचा वेग कमी करतो आणि त्यानेही भागले नाही तर जळण्यापेक्षा बंद पडणे पसंत करतो. यंत्र आपोआप पुन्हा सुरू झाले, तर विजेचा झटका, स्मृतीतील दोष किंवा गाभ्याला बसलेला धक्का असू शकतो. पडदा जागच्या जागी गोठला, तर स्मृती, डिस्क किंवा ड्रायव्हर. हे नियम अचूक नाहीत, पण शोध कोठून सुरू करावा ते सांगतात.

युनिक्स घराण्याचा मोठा गुण म्हणजे ते सर्व काही लिहून ठेवते. 'लास्ट' या आज्ञेने यंत्र रीतसर बंद केले होते की मध्येच कोसळले ते कळते. 'डीमेसेज' आणि 'जर्नलसीटीएल' या आज्ञांनी गाभ्याचे संदेश वाचता येतात. मात्र काही ठिकाणी ही नोंद यंत्र बंद होताच पुसली जाते, म्हणून ती डिस्कवर कायम राहील अशी व्यवस्था आधीच करून ठेवावी. शेवटच्या ओळीत उष्णतेची किंवा प्रोसेसरच्या दोषाची तक्रार असेल तर दिशा मिळाली. कसलीही तक्रार नसून नोंद वाक्य अर्धवट तोडल्यासारखी संपली असेल, तर बहुधा वीजच गेली, कारण यंत्राला शेवटचा शब्द लिहायलाही सवड मिळाली नाही. मौन हीसुद्धा एक साक्ष असते.

एका कार्यालयातील हकीकत सांगतो. नाव सांगण्याचे कारण नाही. तेथील सर्व्हर आठवड्यातून दोन-तीन वेळा आपोआप पुन्हा सुरू होई. 'सेन्सर्स'ने बारा व्होल्टच्या जागी साडेदहाच्या आसपास आकडा दाखवला, म्हणून सर्वांनी आतील एसएमपीएसला दोषी ठरवले. तो बदलला, तरी आकडा तोच आणि आजारही तोच. मल्टिमीटर लावल्यावर कळले की दाब बारा व्होल्टच आहे, गुणक चुकला आहे. मग कार्यालयातील लिपिक बाईंनी एका साध्या वहीत प्रत्येक वेळेची नोंद करण्यास आरंभ केला: तारीख, वेळ, त्या वेळी कार्यालयात काय चालू होते. तीन आठवड्यांत चित्र स्पष्ट झाले. यंत्र कोसळे ते फी भरण्याच्या दिवसांत, अकराच्या सुमारास, पावत्यांची छपाई सुरू होताना. लेझर प्रिंटर सर्व्हरच्याच यूपीएसवर जोडलेला होता. हा प्रिंटर कागदावर शाई पक्की करण्यासाठी आतील रूळ तापवतो, तेव्हा क्षणभर फार मोठी वीज ओढतो. यूपीएसची बॅटरी जुनी, तिला तो भार पेलवेना. प्रिंटर वेगळ्या जोडणीवर नेला, बॅटरी बदलली आणि दुखणे थांबले. महागड्या यंत्राची साक्ष खोटी निघाली आणि पाच रुपयांच्या वहीची खरी ठरली. पावत्यांच्या वेळेशी मेळ बसला तो मात्र यंत्राचे घड्याळ बरोबर होते म्हणून. तेव्हा घड्याळाकडेही लक्ष असू द्या.

आपल्या रत्नागिरीची म्हणून काही खास दुखणी आहेत. पुस्तके थंड-कोरड्या देशांत लिहिली जातात, आपला सर्व्हर मात्र मांडवी-मिऱ्याच्या खाऱ्या वाऱ्यात उभा असतो. मीठ हवेतील ओल धरते आणि ती ओल जोडांवर गंज चढवते. त्यात जांभ्याची तांबडी धूळ पंख्याच्या पात्यांवर आणि उष्णता वाहून नेणाऱ्या पत्र्यांत बसली की हवा खेळत नाही. यंत्र चालू असते तेव्हा आतल्या उबेमुळे ओल तितकीशी टिकत नाही. खरा धोका मे महिन्याच्या सुट्टीनंतरचा. सुट्टीभर बंद ठेवलेले यंत्र जूनच्या पहिल्या पावसात सुरू करतात आणि स्मृतीच्या पट्ट्यांचे जोड मळलेले असतात. अशा वेळी वीज काढून पट्ट्या बाहेर काढाव्यात, जोड स्वच्छ पुसावेत आणि पुन्हा घट्ट बसवाव्यात. पुष्कळशी यंत्रे एवढ्यानेच बरी होतात. तसेच एअर कंडिशनरच्या खाली सर्व्हर कधी ठेवू नये, पावसाळ्यात त्यातून पाणी ठिबकते.

दुसरे दुखणे अर्थिंगचे. जांभ्याच्या कातळात ओल टिकत नाही. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की तो नावापुरताच उरतो, आणि वळवाच्या दिवसांत विजा चमकू लागल्या की त्याची खरी गरज लागते. जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून वर्षातून एकदा, तेही उन्हाळ्यात, अर्थिंग मोजून घ्यावे. यूपीएसच्या शिसे-आम्लाच्या बॅटरीचा हिशेबही ध्यानात ठेवा. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना तिचे आयुष्य जवळपास निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. बंद, उकाड्याच्या खोलीत ठेवलेली बॅटरी कागदावरच्या मुदतीपर्यंत पोचत नाही.

डिस्क आणि स्मृती यांविषयी दोन शब्द. २००७ साली गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उष्णता आणि डिस्क बिघडणे यांचा संबंध समजुतीपेक्षा कमी आढळला. पण डिस्कच्या पृष्ठभागाची तपासणी करताना पहिला दोष सापडला, की पुढील साठ दिवसांत ती बिघडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होती. म्हणून 'स्मार्टसीटीएल' या आज्ञेने डिस्कची प्रकृती नियमित पाहावी. मात्र त्याच अभ्यासात बिघडलेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी आधी कसलीच सूचना दिली नव्हती. स्मृतीवरील २००९ सालच्या अभ्यासात सुमारे एक तृतीयांश यंत्रांत वर्षाकाठी निदान एक तरी चूक आढळली होती. म्हणून सर्व्हरला चुका दुरुस्त करणारी ईसीसी स्मृती घ्यावी आणि संशय येताच मेमटेस्ट हा तपासणीचा कार्यक्रम रात्रभर चालवावा.

शोधाचा क्रम लक्षात ठेवा. सर्वप्रथम माहितीची प्रत काढा, कारण आजारी यंत्र तपासणीतच दगावू शकते. मग नोंदी वाचा. नंतर नुसत्या डोळ्यांनी पाहा: धूळ, अडकलेला पंखा, फुगलेले कपॅसिटर, आत शिरलेल्या मुंग्या किंवा पाल. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वाट पाहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुधारले, तर औषध कोणते लागू पडले ते कधीच कळणार नाही. भार टाकून घेण्याची परीक्षा सुट्टीच्या दिवशी आणि परवानगीने घ्या, निकालाच्या आदल्या रात्री नव्हे.

पालकहो, तुम्ही संस्थेला मदत करता तेव्हा नव्या संगणकाकडे ओढा असतो, कारण तो दिसतो. अर्थिंगचा खड्डा आणि यूपीएसची बॅटरी कोणाला दिसत नाही, पण आहे ती यंत्रे तीच सांभाळतात. आणखी एक प्रश्न सभेत अवश्य विचारा: "आमच्या मुलांच्या माहितीची दुसरी प्रत कोठे आहे?" ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडची वीज कित्येक दिवस तोडली. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले. एक प्रत कार्यालयात, दुसरी वरच्या मजल्यावर आणि तिसरी जिल्ह्याबाहेर असावी. ती प्रत वर्षातून एकदा उघडूनही पाहावी. न उघडलेली प्रत ही न तपासलेली साक्ष आहे.

विद्यार्थी मित्रांनो आणि मुलींनो, हे काम शिकायला मोठा खर्च लागत नाही. कोणी टाकून दिलेला संगणक आणा, त्यावर लिनक्स किंवा फ्रीबीएसडी घाला, तो उघडा, पुसा, त्याचे काटे वाचा आणि प्रत्येक काट्याची परीक्षा घ्या. आपल्याकडची कितीतरी मुले आखातात नोकरीला जातात. तेथेही आणि मुंबई-पुण्यातही सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला विचारतात ते एवढेच, की यंत्र बंद पडले तेव्हा तू काय पाहिलेस, काय केलेस आणि ते लिहून ठेवलेस का. घाईने दोष कोणावर टाकणारे पुष्कळ मिळतात. शांतपणे साक्ष तपासणारा आणि खरी नोंद ठेवणारा माणूस विरळा, आणि त्याच्यावरच लोक विश्वास टाकतात.

सर्व्हरमधील प्रत्येक नाव हे कोणाच्या तरी मुलाचे आहे. ती माहिती आपल्यापाशी अमानत आहे आणि अमानतीत हलगर्जीपणा चालत नाही. अल्लाह आपल्या मुलांना उपयोगी इल्म आणि ते सचोटीने वापरण्याची बुद्धी देवो, अशी दुआ करतो.